गणक हिमांत जातो

गणक हा शब्द आमच्या भाषेला नवा नाहीं. पंचांग मांडणारा, ग्रहणाची घटिका काढून देणारा, जमिनीचा आकार बसवून खातें लिहिणारा, हे सगळे आपापल्या परीनें गणकच. नवा आहे तो संगणक. आणि त्याचीहि ओळख आतां नांदेड-लातुराकडील घराघरांतून इतकी झाली आहे कीं, तो उन्हाळ्यांत तापतो, धुळीनें गुदमरतो आणि वीज गेली कीं मध्येंच डोळे मिटतो, हें शाळकरी मुलालाहि सांगावें लागत नाहीं. परंतु हाच संगणक कडाक्याच्या हिंवाळ्यांत, उघड्यावर, बर्फाच्या पाठीवर नेऊन ठेवला तर त्याचें काय होतें, हा प्रश्न आमच्याकडे सहसा कोणी विचारीत नाहीं. विचारील तरी कशाला? आमच्या गोदाकांठीं पौषांत पहांटे दांतावर दांत वाजतात, शेकोट्या पेटतात, हरभऱ्यावर दंव उतरतें. पण रांजणांतलें पाणी कांहीं गोठत नाहीं.

तथापि आमचें म्हणणें असें कीं, हा प्रश्न मराठवाड्याला परका नाहीं. मोजणारा उघड्यावर आणि गणित करणारा छपराखालीं, अशी कामाची वांटणी दीडशें वर्षांहून अधिक काळ चालली. ती मोडली, आणि गणित करणारा स्वतःच थंडीवाऱ्यांत जाऊन उभा राहिला, ही अलीकडच्या इतिहासांतील एक मोठी घटना आहे. तिचा एक धागा आमच्या जिल्ह्यांतून निघतो आणि फिरून आमच्याच जिल्ह्यांत येऊन पोंचतो.

एक गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. ‘कॉम्प्यूटर’ हें इंग्रजी नांव मूळचें यंत्राचें नव्हे, माणसाचें. एकोणिसाव्या शतकांत सरकारी दफ्तरांतून तो एक हुद्दा होता. १० एप्रिल १८०२ रोजीं मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन यानें पहिली पायारेषा मोजण्यास आरंभ केला आणि हिंदुस्थानच्या प्रचंड त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घातला. या मोजणीचा कणा म्हणजे कन्याकुमारीकडून हिमालयाकडे जाणारी सुमारें ७८ व्या रेखांशालगतची त्रिकोणांची माळ. नकाशा पुढें घेऊन पाहावें: हा रेखांश नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेनें, माहूर आणि किनवट यांच्या मधून जातो. लातुराच्या शेजारीं, बिदरच्या बाजूस दामरगिद्दा येथें १८१५ सालीं याच कामाची एक पायारेषा मोजली गेली. अर्ध्या टनाचें थिओडोलाइट यंत्र टेकड्यांवर चढवावयाचें, दूरच्या निशाणावर नजर लावून कोन टिपावयाचा, आणि तो वहींत उतरवावयाचा, असा हा उद्योग होता. लॅम्ब्टन यांतच म्हातारा झाला आणि हैदराबादेहून नागपुराकडे जातांना २० जानेवारी १८२३ रोजीं वर्धेकडील हिंगणघाट येथें वारला. त्याची समाधि तेथें आहे.

या मोजणीचें वेळापत्रक आमच्या शेतकऱ्याच्या वेळापत्रकाच्या नेमकें उलट होतें. पाऊस सरला, हवा निवळली, दूरचें स्पष्ट दिसूं लागलें कीं मोजणीचे तंबू बाहेर पडत. पावसाळा लागला कीं ते गुंडाळून मंडळी छपराखालीं येत आणि आणलेल्या कोनांचें गणित करीत बसत. अखेरचें शुद्ध गणित तर त्याहून दूर, कचेरींत होई. या कचेरींतला सर्वांत नामांकित गणक म्हणजे राधानाथ सिकदार. १८३१ सालीं दरमहा ३० रुपयांवर तो या खात्यांत शिरला, आणि पुढें कलकत्त्यास मुख्य गणक झाला. जगांतील सर्वोच्च शिखराची २९,००२ फूट ही उंची ज्या निरीक्षणांवरून निघाली, तीं १८४९-५० च्या सुमारास शंभर मैलांहून अधिक दूर, मैदानांतून घेतलेलीं होतीं. तो आंकडा १८५६ सालीं जाहीर झाला. म्हणजे बर्फाचें शिखर उत्तरेस, दुर्बीण तराईंत, आणि गणित कलकत्त्याच्या दमट हवेंत!

याच राधानाथाकडे १८५२ पासून कलकत्त्याच्या वेधशाळेचेंहि काम आलें. वायुभारमापकांतला पारा उष्णतेनें फुगतो. त्यामुळें उन्हाळ्यांतला आंकडा आणि हिंवाळ्यांतला आंकडा एकमेकांशीं ताडून पाहतां येत नाहींत. सर्व आंकडे ३२ अंश फारेनहाइट या एकाच पातळीवर आणण्याचें सूत्र व कोष्टकें त्यानें तयार केलीं. ३२ अंश म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदु. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या, आणि आंत गणक पाऱ्याला कागदावर गोठणबिंदूपर्यंत उतरवीत बसलेला! आमच्या देशांतला गणक हिमापाशीं गेला तो प्रथम असा, कागदावर.

प्रत्यक्ष हिमांत गेला तो कुमाऊंतील एका खेड्यांतला शाळामास्तर, पंडित नैनसिंग. तिबेटांत परक्यांस मज्जाव होता. म्हणून १८६५ सालीं मोजणी खात्यानें त्याला यात्रेकरूच्या वेषांत धाडलें, आणि १८६६ च्या जानेवारींत, ऐन हिंवाळ्यांत, तो ल्हासा शहरीं पोंचला. त्याची जपमाळ एकशेंआठ मण्यांची नव्हे, शंभराची होती. शंभर पावलें झालीं कीं एक मणी सरके. अशीं सुमारें दोन हजार पावलें म्हणजे एक मैल. प्रार्थनाचक्राच्या पोकळींत मंत्राऐवजीं टिपणांचे कागद होते, पारा कवड्यांत भरलेला होता, आणि पाणी किती अंशांवर उकळतें हें पाहून उंचीची नोंद होत होती. हाच थंडींत उघड्यावर चाललेला आमचा पहिला गणक. त्याच्या माळेला तेल लागत नव्हतें, तिचा घट उतरत नव्हता, आणि ती गोठण्याचें भय नव्हतें. गोठण्याचें भय होतें तें ती ओढणाऱ्या बोटांना. आणि एवढें करूनहि नकाशाचें गणित त्याच्या हातचें नव्हतेंच. टिपणें परत आलीं तेव्हां तें खात्याच्या कचेरींत झालें.

हीच वांटणी पुढें सर्वत्र राहिली. १९०१ सालीं हैदराबादेंत नबाब जफर जंग यांनीं वेधशाळा काढली. तेव्हां नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्याच राज्यांत होतीं. जगांतील अनेक वेधशाळांनीं आकाश वांटून घेऊन ताऱ्यांची यादी करावयास घेतली होती. त्यांत हैदराबादच्या वाट्याला आलेल्या पट्ट्यांतील सात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा या निजामिया वेधशाळेनें ठरविल्या. रात्रीं दुर्बिणीपाशीं एक माणूस जागे. दिवसां कांचेच्या पट्ट्यांवरचे ठिपके मोजून गणित करणारे दुसरे. हिंदी हवामान खात्याचेंहि तसेंच. १९२८ सालीं त्याची मुख्य कचेरी शिमल्याहून पुण्यास आली. पुणेकर त्या इमारतीला ‘शिमला ऑफिस’ म्हणत आले आहेत. डोंगरावरील निरीक्षकानें पहांटे कुडकुडत बाहेर जाऊन तपमान वाचावें, तारेनें कळवावें, आणि पुण्यांतल्या मंडळींनीं नकाशा मांडावा. थंडी एकाची, आंकडेमोड दुसऱ्याची.

यंत्र आलें तेव्हांहि तें प्रथम छपराखालींच बसलें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें घडविलेला ‘टिफ्रॅक’ १९६० सालीं कामास लागला. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळी म्हणजे लहानसा दिवाच. एवढे दिवे एका खोलींत पेटल्यावर शत्रु एकच, उष्णता. म्हणून खोली यंत्रानें थंड ठेवावी लागे. थंडी हा त्या पिढीच्या दृष्टीनें संगणकाचा मित्र होता, आणि ही समजूत आजहि बहुतेकांच्या मनांत आहे. पुढें नळीच्या जागीं ट्रान्झिस्टर आला, हजारों ट्रान्झिस्टर एका नखाएवढ्या चकतीवर बसूं लागले, आणि खोलीभर यंत्र डब्यांत मावूं लागलें. गणकाला प्रथमच घराबाहेर पडतां येऊं लागलें.

तो बाहेर पडला तेव्हां भारतहि एका नव्या थंडीकडे निघाला होता. ६ डिसेंबर १९८१ रोजीं डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालीं २१ जणांची तुकडी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ जहाजानें निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजीं अंटार्क्टिकावर उतरली. तिसरी मोहीम १९८३-८४ ची. तिनें बर्फाच्या थरावर ‘दक्षिण गंगोत्री’ हें ठाणें उभारलें, आणि बारा जण तेथें पहिला दक्षिण हिंवाळा काढण्यास राहिले. या मोहिमेचे नेते होते डॉ. हर्ष गुप्ता, व्यवसायानें भूकंपशास्त्रज्ञ. वाचकांनीं हें नांव ध्यानांत ठेवावें. पुढें दक्षिण गंगोत्री बर्फाखालीं दबत गेली. १९८९ सालीं खडकावर ‘मैत्री’ उभी राहिली, आणि २०१२ सालीं ‘भारती’. भारतीचें घर मालवाहू लोखंडी पेट्या एकमेकींस जोडून केलेलें आहे, आणि उपग्रहांकडून तेथें उतरणारी माहिती हैदराबादजवळच्या शादनगरला पोंचते. या साऱ्या मोहिमांचा कारभार गोव्यांतील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्राकडे आहे, आणि नव्या पनवेलची भूचुंबकत्व संस्था अंटार्क्टिकांत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेत आली आहे.

अशा ठिकाणीं माणूस उबेंत राहूं शकतो. नोंद घेणाऱ्या यंत्राला बाहेरच राहावें लागतें. तेव्हां थंडी संगणकाचें नेमकें काय करते, हें थोडक्यांत पाहूं. त्याचा मेंदु, म्हणजे सिलिकॉनची चकती, थंडीला भीत नाहीं; ती थंडींत बहुधा अधिकच खुशाल असते. बाजारांतील साधे भाग शून्य ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालावेत असे केलेले असतात, कारखान्यांसाठीं केलेले उणे ४० पासून ८५ पर्यंत. अडचण असते ती मेंदूभोंवतीच्या शरीराची. फिरणाऱ्या चकतीचें आणि पंख्याचें वंगण घट्ट होतें. पडद्यांतील द्रवस्फटिक सुस्तावतात आणि अक्षरें मागें रेंगाळतात. घड्याळाचा स्फटिक आपली चाल किंचित बदलतो. सर्वांत दुबळा भाग म्हणजे विजेचा घट, ज्याला आपण बॅटरी म्हणतों. त्याचें बळ थंडींत निम्म्याच्याहि खालीं येऊं शकतें. लिथियमचा घट शून्याखालीं भरावयास गेलें तर आंत लिथियम धातूचा थर चढतो, आणि तो घट कायमचा बिघडतो. शिशाचा घट भरलेला असला तर कडक थंडी सोसतो, रिकामा असला तर त्यांतलें पाणी लौकर गोठून तो फुटतो.

यावर उपाय सांपडला तोहि मोठा घरगुती आहे. संगणक चालतांना जी ऊब सोडतो ती आमच्याकडे डोकेदुखी. तेथें तीच संजीवनी. आमच्या घरीं कैऱ्या पेंढ्याच्या आढींत घालतात. त्यांची ऊब त्यांच्यापाशींच राहते आणि त्या पिकतात. बर्फावरच्या संगणकालाहि अशीच आढी लागते: जाड, कोरड्या आवरणाची पेटी, तिच्यांत यंत्र व घट शेजारीं शेजारीं, आणि यंत्र सतत चालू. नंदादीप विझवावयाचा नसतो, तसें हें यंत्र बंद करावयाचें नसतें.

आमचा एक जुना विद्यार्थी, औसा तालुक्यांतला, कांहीं हिंवाळे लडाखांतील एका ठाण्यावर यंत्रांच्या देखभालीस होता. दिवाळींत भेटावयास आला तेव्हां त्यानें सांगितलें, “सर, पहिल्या रात्रीं मीं सगळीं यंत्रें बंद करून झोंपलों. घरची संवय, आई म्हणायची, दिवा उगीच जाळूं नये. सकाळीं एक यंत्र सुरूच होईना. मग मीं तें उचलून खोलींत शेगडीपाशीं आणलें, तर दहा मिनिटांत त्याला घाम फुटला!” घाम म्हणजे दंव. उबदार खोलींतली ओली हवा त्या गार धातूला लागतांच पाणी होऊन आंत-बाहेर बसली. अशा वेळीं यंत्र बंद पिशवींत गुंडाळून, तें खोलीइतकें उबदार होईपर्यंत तासन् तास थांबावें लागतें, हें त्याला तेथील म्हाताऱ्या चौकीदारानें शिकविलें. थंडीनें जेवढीं यंत्रें जातात तेवढींच थंडींतून घाईनें आंत आणल्यानें जातात, हें त्याचें वाक्य आम्हांस फार अर्थाचें वाटलें.

लडाखांतच हानले गांवीं, समुद्रसपाटीपासून सुमारें ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तेथील दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीनें २००० सालीं प्रथम आकाश पाहिलें, आणि ती बंगलोरजवळच्या होसकोटे येथून उपग्रहामार्फत चालविली जाते. मुंबईची आय. आय. टी. आणि ही संस्था यांची ०.७ मीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण तेथें २०१८ पासून आहे; कोणता तारा केव्हां पाहावयाचा हें तिचें यंत्रच ठरवितें. २०२४ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘मेस’ ही २१ मीटरची प्रचंड दुर्बीणहि तेथें सुरू झाली. हानलेला थंडीबरोबर दुसरें संकट विरळ हवेचें. नेहमींच्या फिरत्या चकतीवरचा टांक हवेच्या अतिपातळ थरावर तरंगत असतो. साधारण तीन हजार मीटरांपलीकडे ती हवा त्याला पुरेशी होत नाहीं. पंख्याची हवाहि कमी पडते, म्हणून भोंवतीं हिम असूनहि यंत्र आंतून तापूं शकतें! निजामियाच्या काळीं रात्रीं दुर्बिणीपाशीं माणूस जागत असे. येथें रात्रीच्या गारठ्यांत गणक एकटा जागतो. जुनी वांटणी मोडली ती अशी.

आतां धागा आमच्या घरीं आणतों. १९९२ च्या उत्तरार्धांत औसा तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत जमीन वारंवार हादरत होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून गांवें निजलीं असतां, पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचीं माळवदाचीं जड छपरें झोंपलेल्या माणसांवर बसलीं; नऊ हजारांहून अधिक माणसें गेलीं. आम्ही त्या रात्रीं नांदेडास होतों. मांडणीवरचीं भांडीं खणखणलीं, आणि मांजर असेल म्हणून आम्ही पुन्हां पांघरूण ओढून घेतलें. त्या पांघरुणाची लाज अजून वाटते.

त्या वेळीं हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे संचालक होते तेच डॉ. हर्ष गुप्ता, ज्यांनीं दहा वर्षांपूर्वीं बर्फावर घर बांधलें होतें. हैदराबाद आणि पुणें येथें भूकंपमापक होते. पण किल्लारीपासून हैदराबाद दोनशें किलोमीटरांहून दूर आणि पुणें त्याहूनहि लांब. यंत्रें शेताशेतांतून बसलीं तीं माणसें गेल्यावर. भूकंपाची घटिका यंत्राला सांगतां येत नाहीं, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. ती आजहि कोणाला सांगतां येत नाहीं. परंतु वर्षभर हादरणारी जमीन नेमकी कोठें, किती खोल आणि कोणत्या रेषेवर हादरते, हें जवळचें यंत्रच सांगूं शकतें. आणि तें कळलें असतें तर डोक्यावरचें माळवद हलकें करा, असें म्हणण्यास निदान कांहीं आधार तरी मिळाला असता. याच हैदराबादच्या संस्थेनें पुढें १९९७ सालीं अंटार्क्टिकांत मैत्री येथें कायमचें भूकंपमापन केंद्र सुरू केलें. जेथें कोणाचें घर नाहीं त्या बर्फावरहि जमिनीच्या नाडीवर बोट ठेवणारा कोणी असावा, हें शास्त्राला पटलें. १९९२ सालीं तें आमच्या ज्वारीच्या शेतांत असावें, हें मात्र कोणाला सुचलें नाहीं. यांत एका व्यक्तीचा दोष नाहीं. दोष त्या जुन्या समजुतीचा, कीं गणकाची जागा कचेरींत.

ती समजूत आतां गेली आहे. ‘महावेध’ योजनेखालीं महाराष्ट्राच्या महसूल मंडळांतून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं आहेत. गांवाबाहेर कुंपणांत एक खांब, त्यावर पाऊस-वारा मोजणारीं साधनें, एक सूर्यपट्टी, आणि पेटींत एक लहानसा संगणक. हा आमचा नैनसिंग. मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टि ठरते. नुकसानभरपाईचा, आणि पुष्कळदां विम्याचाहि, दावा त्या आंकड्यावर उभा राहतो. म्हणजे ज्या शेतकऱ्याचें सोयाबीन पाण्यांत उभें आहे, त्याचें वर्ष त्या पेटीच्या एका आंकड्याला टांगलेलें असतें.

आमच्या पेटीला बर्फाचें भय नाहीं. तिला भय आहे वैशाखाच्या उन्हाचें, पर्जन्यमापकांत घरटें करणाऱ्या पांखराचें, सूर्यपट्टीवर बसलेल्या धुळीच्या थराचें आणि कुंपणांत वाढलेल्या बाभळीचें. पण बर्फानें शिकविलेला धडा तिलाहि लागू आहे. यंत्र थंडीनें मरत नाहीं आणि उन्हानेंहि मरत नाहीं, दुर्लक्षानें मरतें. अंटार्क्टिकांतलें यंत्र चालतें तें थंडी सोसतें म्हणून नव्हे, तर त्याचें दुखणें काय, हें आधीं ओळखून त्याच्याभोंवतीं कोणी पेटी बांधतो, घट वेळेवर बदलतो, आणि सोसाट्याच्या वाऱ्यांत त्याच्यापर्यंत चालत जातो म्हणून. गणक माणसाचा यंत्र झाला, तरी त्याच्याकडे जाणारी पायवाट माणसाचीच राहिली.

गेल्या पौषांत सकाळीं फिरावयास गेलों असतां गांवकुसाबाहेरचा असा एक खांब आम्हीं पाहिला. सूर्यपट्टीवर दंव होतें, आणि शेजारच्या शेतांतला एक म्हातारा आपल्या पंचानें तें पुसत होता. कोणी सांगितलें, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, “सांगायला कशाला पाहिजे? पाऊस ह्यालाच इचारत्यात ना!”